कुमारिकांना घेऊन संभाजीनगरला

"मावशी, येताना माश्या आणशील?" भाचीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात गडबड झाली. लोक छत्रपती संभाजीनगरला वेरूळ पाहायला जातात, मी फळमाश्या पोचवायला गेले.

मधुरा तिथे फळमाश्यांवर पीएच.डी. करते. लॅबमधली गार पेटी बंद पडली आणि तिच्या माश्या उकाड्याने मेल्या. तसल्याच माश्या इथे पुण्यात तिच्या मैत्रिणीकडे होत्या. सगळ्या कुमारिका, म्हणजे नराचं तोंडही न पाहिलेल्या. त्यांना वाटेत नर भेटला तर प्रयोग फुकट, आणि नव्या गोळा करेपर्यंत मधुराची मुदत संपणार. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला जशा सांभाळायच्या, तसं त्यांना सांभाळायची पाळी आता माझ्यावर आली.

एप्रिलात जाणार असाल तर एसी बसच घ्या. थोडी महाग पडते, पण साध्या बसमध्ये माणसंही शिजतात. सकाळी निघालात तर डावीकडे बसा, ऊन लागत नाही. माश्यांची काचेची नळी डब्याच्या पिशवीत घालून मी मांडीवर घेतली. शिरूरच्या आसपास मधुराचा फोन आला. मला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर घेतला.

"कुमारिका नीट आहेत ना गं?"

"मजेत आहेत. एसीत झोपल्यात."

शेजारी सिल्लोडच्या एक बाई होत्या. त्यांनी मागे वळून अख्खी बस न्याहाळली. "पोरी कुठं हायेत, ताई?"

मी नळी दाखवली.

"अगं बया! ही तर केळावरची चिलटं!"

नगरला बस थांबली. तिथला चहा फार गोड, पण गरम भजी मिळाली तर सोडू नका. पिशवी बाईंकडे देऊन मी उतरले. परत येते तर नळीचा कापसाचा बोळा त्यांच्या हातात, आणि मांडीवर पिकलेली केळी.

"जीव कोंडला व्हता लेकरांचा. जरा वारं दिलं."

"अहो, तुमच्या केळ्यावरचं चिलट आत गेलं असलं म्हणजे?"

"गेलं तर गेलं. तेवढीच सोबत!"

लॅबमध्ये पोचताच मी मधुराला सगळं सांगितलं. तिने माश्यांना गुंगी दिली आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. माशीच्या पंखावर बारीक केस असतात, एका पेशीला एक, आणि सगळे पंखाच्या टोकाकडे वळलेले. पेशीला ती दिशा कळायला एक जनुक लागतं. आमच्या कुमारिकांमध्ये तेच बिघडलेलं, त्यामुळे केसांचे नुसते भोवरे. माझेही तसेच होते. रोज सकाळी सिस्टर खोबरेल थापून बसवायच्या, दुपारपर्यंत पुन्हा उभे. त्यांचा तो तेलकट, प्रेमळ हात अजून टाळूवर जाणवतो.

"हा बघ परका," मधुरा म्हणाली. "आणि नर."

"परका कशावरून?"

"भांग बघ ना, कसा चापूनचोपून पाडलाय!"

ती हसली, पण डोळे भरले होते. मग तिने एकेका माशीला वेगळ्या नळीत ठेवलं. दोन-तीन दिवसांत जिच्या नळीत अळ्या दिसतील, ती बाद. संध्याकाळी आम्ही तिथला प्रसिद्ध नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाल्ला. तुम्ही जरूर खा. आम्हाला चव लागली नाही, तो दोष खलियाचा नव्हता.

घरी परतले, तर सगळे विचारतात लेणी कशी होती. मी पाहिलीच नाहीत. मी देवापुढे बसले होते. कुणाला मूल होऊ नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच प्रार्थना केली, तीही शाळेच्या सवयीने इंग्रजीत.

अखेर फोन आला. "मावशी, काही गेल्या. पण बिनअळ्यांच्या कोऱ्या नळ्या पुष्कळ आहेत. पुरतील!"

मी पेढे आणले. शेजारीण डोळे मिचकावत म्हणाली, "काय, सुनेकडून गोड बातमी?"

"छे गं," मी म्हटलं. "कुणाला काही झालं नाही, त्याचेच पेढे."