वाळूवरच्या अकरा पायऱ्या

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं. कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी यायची. या सदरातले अनुभव माझी नात मला वाचून दाखवते, तेव्हा निम्म्यातच मी तिला "पुरे" म्हणते. पण परवा तिनं सहज विचारलं, "आजी, तुला स्वतःला कधीच काही अनुभव आला नाही?" - आणि माझ्या तोंडून 'नाही' निघेना. म्हणून हे. मी सांगतेय, ती टाइप करतेय.

मी मूळची भूमची. आज धाराशिव जिल्हा म्हणतात, तेव्हा उस्मानाबाद, आणि राज्य निजामाचं. दुसरं महायुद्ध चालू होतं. मी अकरा वर्षांची होते. माझे वडील - त्यांना आम्ही आबा म्हणायचो - सरकारी शाळेत मास्तर होते. उर्दूत शिकवायचे, घरी मराठीत रागवायचे. आई म्हणजे माय. धाकटी बहीण यमी, सहा वर्षांची. शेजारच्याच घरात चुलते राहायचे, नानाकाका. ते शेती बघायचे.

आमच्या गल्लीच्या टोकाला पायऱ्यांची विहीर होती. आख्खी गल्ली तिचंच पाणी प्यायची. गोड पाणी. दुष्काळातसुद्धा तिचा तळ कुणी पाहिला नव्हता.

त्या वर्षी आश्विनात यमी त्या विहिरीत गेली.

मीच तिला घेऊन पाण्याला गेले होते. पाऊस लांबला होता, पाणी दहा पायऱ्या खाली गेलेलं. परतताना माझ्या कमरेवर भरलेली कळशी, आणि ही सारखी दुसऱ्या हाताला लोंबकळत होती. मी वैतागले. "सोड की गं!" म्हणून हात झटकला आणि एक पायरी वर चढले. मागं धप्पकन आवाज झाला... बस्. एवढंच. माणसं येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच रात्री परतीचा पाऊस कोसळला आणि खालच्या पायऱ्या पुन्हा पाण्याखाली गेल्या.

विहिरीच्या काठावर शेजारची एक बाई होती. तिनं मायला सांगितलं, "दोघी पोरी हात वढीत व्हत्या वो." मायनं मला एकदाच विचारलं, "गोदे, तू हात वढला का?" मी म्हणाले, "न्हाई." तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती उठून आत गेली. त्यानंतर सात महिने माय माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवायला वाढायची, पण हाक मारायची नाही. माझी वेणी काकू घालायची. हळूहळू माय कुणाशीच बोलेनाशी झाली. पाण्याचा हंडा दिसला तरी भिंतीकडं तोंड फिरवायची.

आबांनी हकीमसाहेबांना बोलावलं. म्हातारे होते, आमच्या घरी त्यांचं नेहमी येणं-जाणं. त्यांनी मायची नाडी बघितली आणि बाहेर येऊन आबांना म्हणाले, "मास्तरसाब, बाई के दिल में छोटा पानी बैठ गया हय. बड़ा पानी दिखाओ, छोटा निकल जाएगा."

मोठं पाणी म्हणजे समुद्र. आमच्या आख्ख्या आळीत कुणी पाहिलेला नव्हता. पण आबांनी मनावर घेतलं. बार्शीतल्या एका ओळखीच्या वकिलाला विचारून त्यांनी रत्नागिरीला काय काय बघायचं याची यादी एका वहीत लिहून आणली - किल्ला, दीपगृह, ब्रह्मदेशाच्या राजाला नजरकैदेत ठेवलं होतं तो वाडा, भाट्याची वाळू, मचव्यातून म्हणजे शिडाच्या होडीतून फेरी, ओहोटीला शिंपले वेचणे, शहाळ्याचं पाणी. मला ती यादी पाठ झाली होती. सहल म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण गाडीत बसताना आपण तिघंच आहोत हे लक्षात आलं आणि मी यादी म्हणायची थांबले.

वैशाखात शाळेला सुट्टी लागली तसे निघालो. बैलगाडीनं बार्शी. वाटेत हद्दीवरच्या करोडगिरी म्हणजे जकात नाक्यावर निजामाच्या शिपायानं बोचकी उलगडून बघितली, त्यात यमीचं परकर-पोलकं निघालं. मायनं बरोबर घेतलं होतं. आबांनी घडी करून परत ठेवलं. बार्शीहून छोट्या रेल्वेगाडीनं मिरज, तिथून कोल्हापूर, आणि पुढं कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. घाटात तिघांनाही उलट्या झाल्या.

रत्नागिरीला एका विधवा म्हातारीच्या घरात दोन खोल्या मिळाल्या. समुद्र तिथून दोन हाकांवर. पोचलो तो दिवस द्वादशीचा. आबा लगेच आम्हाला पाण्यावर घेऊन गेले. काय सांगू... एवढं पाणी बघून मी रडलेच. माय मात्र डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढून वाळूत बसली. हलली नाही, बोलली नाही.

तीनच्या सुमाराला पाणी पार लांब गेलं होतं. मी शिंपले वेचत होते. एकदम मागून मायचा आवाज आला. सात महिन्यांनी इतका स्पष्ट!

"हिरीचं पानी उतरलं."

आबा चमकले. "कुठल्या हिरीचं?"

"आपल्या. नऊ पायऱ्या उघड्या पडल्यात. नाना वरून वाकून बघायलेत."

आबांना वाटलं, उन्हानं भ्रम झाला. त्यांनी घड्याळात बघितलं आणि यादीच्याच वहीत पाठीमागं ते वाक्य आणि वेळ लिहून ठेवली. परत गेल्यावर हकीमसाहेबांना दाखवायचं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर गेलो. वाऱ्यानं उभं राहवेना. खाली खडकांवर भरतीचं पाणी आपटत होतं. माय देवीच्या देवळाच्या भिंतीला टेकून बसली होती. तिथून ती म्हणाली, "चढलं. चौथ्या पायरीला लागलं." आणि दुपारी वाळूवर, पावणेचारला, "उतरलं. बायका बोटं दाखवून बोलायल्यात." पुन्हा आबांनी लिहिलं. तिसऱ्या दिवशी राजाचा वाडा लांबून बघितला, शहाळी प्यालो. माय दोनदा बोलली. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. तिनं घड्याळ बघितलेलं नाही, पाण्याकडं तर मुळीच नाही. पदर नाकाच्या खाली.

संध्याकाळी आबा ओसरीत वही घेऊन बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "गोदे, रोज पाऊण-पाऊण तासानं पुढं सरकतंय बघ, समुद्रासारखंच." त्यांचा चेहरा उतरला होता. "उद्याचा दिवस काढू, परवा निघू."

तो उद्याचा दिवस म्हणजे पौर्णिमा. दुपारी निघताना म्हातारीनं मला बजावलं, "बायो, आज उधाणाची ओहोटी हां. पाणी खूप आत जाईल, पण परत येतं तेव्हा विचारीत नाही. आईला सांभाळ."

पाच वाजता आबा मोटारीची जागा सांगायला बाजारात गेले. वाळूत मी आणि माय. पाणी इतकं लांब गेलं होतं की नुसती एक चकाकती रेघ दिसत होती. माझं लक्ष एका मेलेल्या माशाकडं गेलं, आणि मान वर केली तर माय शेजारी नाही.

ती पाण्याकडं निघाली होती. पण ती चालत नव्हती हो... ती उतरत होती. सपाट वाळूवर! एक पाय उचलायचा, खाली काहीतरी चाचपायचं, टेकायचं, मग दुसरा. उजवा हात बाजूला धरलेला, भिंतीला धरावा तसा. आमच्या विहिरीत बायका अशाच उतरायच्या.

"माय!" म्हणून मी ओरडले. ती थांबली नाही. मी जवळ पोचले तेव्हा ती मोजत होती, "सात... आठ..." पाणी घोट्याला लागलं. "नऊ..." गुडघ्याला. मी तिचा पदर धरला आणि मागं ओढू लागले. तिनं मलाच ओढत नेलं. "धा..." कमरेपर्यंत पाणी. अकराला ती थांबली, वाकली, आणि दोन्ही हात पाण्याखाली घालून काहीतरी चाचपू लागली. तिचे डोळे मिटलेले होते.

"दगड न्हाई हितं," ती म्हणाली. "पायरीचा दगडच निसटलाय. खाली गाळात पडलाय."

मी रडत होते. सात महिने गिळलेलं तेव्हा बाहेर पडलं. "माय, मी हात झटकला व्हता... मी खोटं बोलले... म्या झटकला."

डोळे न उघडता तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. आवाज अगदी हलका होता.

"झटकला तर झटकला. पन म्या पडले ते दगडानं. तुझा हात न्हवता गं, अक्का."

मला अक्का फक्त यमीच म्हणायची. माय मला गोदेशिवाय दुसरं काही म्हणत नसे.

पुढचं नीट आठवत नाही. पाण्यानं मागं फिरून ढकललं, आम्ही दोघी पडलो, नाकातोंडात खारं पाणी... मी तिचा पदर सोडला नाही एवढं खरं. आबा धावत आलेले दिसले. घरी म्हातारीनं मायचं लुगडं बदललं, दोघींना तांदळाची गरम पेज पाजली. माय झोपली ती थेट सकाळी उठली. उठली, माझ्याजवळ येऊन बसली, आणि गुपचूप माझी वेणी घालू लागली. "किती गुता झालाय गं गोदे," म्हणाली. मी नुसती रडत राहिले.

बार्शीच्या स्टेशनावर नानाकाका बैलगाडी घेऊन आले होते. आम्ही काही बोलायच्या आत तेच म्हणाले,

"दादा, आपल्या हिरीला कायतरी झालंय बघा. चार-पाच दिस झाले, दिसातनं दोनदा पानी चढतंय न् दोनदा उतरतंय. कचेरीत तासाला टोल पडतो त्यावर ध्यान ठिवलं म्या, रोज पाऊन तासानं पुढं सरकतंय. परवा पुनवंला सांजच्याला तर तळ उघडा पडला! आमी तिघं खाली उतरलो. अकरावी पायरी न्हाईच जाग्यावर, दगड खाली गाळात पडलेला. दादा... पोरगी त्यानंच गेली आसंल व्हय वो?"

आबांनी वही काढली. नानाकाकांना एकेक दिवस विचारला आणि वहीतल्या वेळेवर बोट ठेवत गेले. टोल आणि घड्याळ, एवढाच काय तो फरक. शेवटी वही मिटून ते स्टेशनच्या बाकावर बसून राहिले. बैल जुंपायलाही उठले नाहीत.

आम्ही घरी पोचलो तोवर विहीर भरून स्थिर झाली होती. पण पाणी खारं झालेलं. गुरंसुद्धा तोंड लावेनात. गल्लीतल्या बायकांना नदीवरून, पाऊण कोसावरून पाणी आणावं लागलं. नानाकाका काही न समजून लोकांना वहीतलं सगळं सांगून बसले, त्यामुळं गावभर झालं - मास्तराच्या बायकोनं हिरीत समुद्र आणला. एकेक घर मायकडं यायचं बंद झालं. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. मायच्या पायांबरोबर खारं पाणी येतं म्हणून बाळंतिणीच्या घरी तिला दारातच अडवलं. ती निमूट परत आली. माझ्याशी ती बोलायची, पण बाहेर जाणं तिनं सोडलं ते कायमचंच. माझ्या मनावरचं ओझं उतरलं खरं, ते बिचारीच्या अंगावर पडलं.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत आम्ही रातोरात गाव सोडून बार्शीला आलो, तेव्हा आबांची वही मागंच राहिली. त्यामुळं दाखवायला माझ्याकडं काही नाही. नंतर कधीतरी ती विहीर बुजवली म्हणे. माझ्या इंजिनिअर जावयानं सांगितलं, जमिनीत खारट थर असतात, पाझर बदलला की पाणी बिघडतं. असेल. खारेपणाचं लॉजिक मला पटतं. पण चढ-उताराचं काय? त्यावर तो म्हणाला, "आई, तुम्ही तेव्हा लहान होतात."

आबा गेल्यावर माय माझ्याकडं राहायला आली. एका दुपारी दोघीच शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा धीर करून मी तिला विचारलं, "माय, रत्नागिरीला पाण्यात उभं राहून तू मला जे सांगितलंस, ते तुला कसं कळलं गं?"

तिनं माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं.

"मी कवा आले पाण्यावर? मी तर चारी दिवस त्या म्हातारीच्या ओसरीत बसून व्हते. तुमी दोघंच जायचात की. समुद्र म्या बघितलाच न्हाई, गोदे."

मग म्हातारीनं ओलं लुगडं बदललं ते कुणाचं, हे मी तिला विचारलं नाही. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती आणि तिची स्मृती शेवटपर्यंत शाबूत होती. वाळूवर चार दिवस आमच्या शेजारी पदर ओढून कोण बसलं होतं, ते मला आजही माहीत नाही.