मालवणची विहीर

माझ्या नवऱ्याच्या मावसभावाइतका पाण्याचा माज मी दुसऱ्या कुणातही पाहिलेला नाही. त्यांच्या पिंपरी पेंढारपासून आमच्या कळंबपर्यंत कुणाच्याही विहिरीत काही पडलं की माणूस आधी त्यांच्या दारात जातो. मोटारीचा 'फुटबॉल' म्हणजे पाइपाच्या टोकाची झडप, पाण्याची घागर, कुणाची शेळी, कधी कुणाचं माणूस. भावजी येतात, शर्ट काढून बाभळीला अडकवतात आणि धाडकन आत. विहिरीचं पाणी गढूळ, तळाला गाळ. तिथं सगळा कारभार हाताचा. कपारीत हात घालून चाचपायचं, लागेल ते धरायचं आणि वर यायचं. आमच्या विहिरीत एकदा पाना पडला, तर ते तीन पाने घेऊन वर आले. "घ्या, वळखा ज्याचा त्याचा," म्हणाले. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार मालवणबद्दल आहे आणि इतक्या वर्षांनीही ती थंड झालेली नाही.

मी नर्स आहे. हजारो पेशंट पाहिले, पण भावजींइतका वाईट एकही नाही. विंचू चावला, लाव चुना. काच रुतली, लाव चुना. तंबाखूच्या डबीतला तो चुना म्हणजे त्यांचा सगळा दवाखाना. त्यांना मधुमेह आहे हे रिपोर्ट दाखवून सांगितलं, तर म्हणाले, "साकर मला न्हाई वैनी, त्या कागदाला हाय," आणि जेवणानंतर गुळाचा खडा तोंडात टाकला. साखरेच्या पेशंटची साधी जखमही चिघळते, बोट कापावं लागतं, हे मी त्यांना ओरडून सांगितलंय, हळू सांगितलंय, रडून सांगायचं तेवढं राहिलंय.

तर असा माणूस घेऊन आम्ही नवरा-बायको मालवणला गेलो. नोकरीला लागल्यापासूनची माझी पहिली खरी सुट्टी. स्कूबाची टूम भावजींचीच. फॉर्मवर 'काही आजार?' असा प्रश्न होता. त्यांनी 'नाही' लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली. हे मला नंतर कळलं, नाहीतर ती होडी मी किनाऱ्यालाच बांधून ठेवली असती. बरोबरचा पाणबुड्या तरुण, गोड स्वभावाचा. त्यानं तीनदा बजावलं, "काकानू, खाली कशाक हात लावू नकात." भावजी माझ्या नवऱ्याकडे बघून हसले. "दादा, ह्यो मला पाणी शिकिवतोय."

पाच मिनिटांत ते वर आले. पोटरीवर चाबूक मारल्यासारखे लाल वळ, जेलीफिशचे. नडगी खडकाला खरवडलेली. आणि उजवा हात पाठीमागे. "काय झालं?" "काय न्हाई." "हात दाखवा." "डास चावला." समुद्राच्या तळाशी डास! मी हात ओढून पुढे घेतला. तळव्यात आणि बोटांत काळ्या सुया मोडलेल्या, पंधरा तरी असतील. खडकाच्या कपारीत काट्यांचा काळा गोळा, सी अर्चिन नावाचा प्राणी, बसला होता आणि यांनी तो मुठीत धरला होता. पाणबुड्या रडकुंडीला आला होता. "मी किती खुणा केल्यो! ह्येंनी एकाक पण जबाब दिलो नाय!" तेवढ्यात भावजींचा डावा हात चुन्याच्या डबीकडे गेला. मी ती डबी समुद्रात फेकली. आयुष्यात मी कचरा म्हणून समुद्रात टाकलेली ती एकच वस्तू, आणि मला तिचं जराही वाईट वाटत नाही.

पोटरीवर व्हिनेगर लावलं, हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरला, मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुया काढल्या, साखर तपासली आणि माझ्याकडे रागानं बघितलं, जणू फॉर्म मीच भरला होता. "मधल्या बोटाकडे लक्ष ठेवा. दोन दिवसांत सूज वाढली, लाल रेघ वर चढली तर बोटावर बेतेल." झाली माझी सुट्टी. सकाळ-संध्याकाळ पट्टी, गोळ्या आणि एक बोट.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याखालच्या फोटोंची सीडी आली. लॉजच्या मालकांनी कॉम्प्युटरवर लावली. निळं पाणी, पिवळे-काळे मासे, मधोमध भावजी. आणि काचेमागे त्यांचे डोळे घट्ट मिटलेले! पहिल्या फोटोत, दुसऱ्या, सातव्या, सगळ्या. म्हणजे खुणा दिसणार कशा? मग मात्र माझा तोल गेला. "डोळ्यांवर एवढी काच बांधली ती कशाला? समुद्राला काय विहीर समजलात? मासे बघायला जातात माणसं तिथं! बोट गेलं तर काय कराल?"

भावजी पट्टीकडे बघत बसले. मग म्हणाले, "पाण्यात मी डोळं उगडत न्हाई वैनी. पयल्यांदा उगडं ठिवलं व्हतं. एकुनीस वर्साचा व्हतो. वाडीतली पोरगी व्हती. क्येस समदं असं वर आल्यालं. तवापासून जेवढी मान्सं काडली, झाकूनच काडली. हातानं कळतं. बगायचं कशाला?"

माझा नवरा उठून बाहेर गेला. मी त्यांची चांगली बांधलेली पट्टी सोडली आणि पुन्हा बांधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरली होती. रेघ नव्हती. बोट राहिलं. मी त्यांच्या हातावर प्लास्टिकची पिशवी बांधली, पाणबुड्याकडून काचेचा मुखवटा आणि नळी मागून आणली आणि भावजींना खडकांमधल्या गुडघाभर पाण्यात नेलं. "पालथे व्हा. हात वर धरा. भिजला तर माझ्याशी गाठ आहे. आणि डोळे उघडा."

"वैनी, नगं."

"उघडा म्हणते ना!"

ते पालथे झाले. पिशवीतला हात शाळेतल्या पोरासारखा वर. नळीतून श्वास भराभर येत होता, मग हळू झाला. मी दंडाला धरून उभी होते. किती वेळ गेला कोण जाणे. एकदाचे ते उठले, मुखवटा कपाळावर सारला.

"बारीक मासं हायती," ते म्हणाले. "येक खेकडा हाय. गवातबी हलतंय. समदं जित्तं हाय वैनी, समदं जित्तं."

आणि पुन्हा पालथे झाले. उजवा हात केव्हाच खाली आला होता, पिशवीत पाणी शिरत होतं. इतकी वर्षं नर्स आहे. भिजलेली पट्टी बघून मी ओरडले नाही, असं ते एकदाच.