इंजिन थंड असताना

ओम, मैत्रेयी,

गेल्या आठवड्यात ओमने फोनवर विचारलं, "आजी, सुकामामांनी शेवटी कोणती गाडी पसंत केली होती? मलाही माझी पहिली घ्यायची आहे आणि माझ्याकडेही फार पैसे नाहीत." मी म्हटलं, वहीत बघून सांगते. माझं सगळं वहीत असतं हे तुम्हाला माहीत आहे. सुका जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते, आणि ती वही मी त्याच्या आधीचे पाच महिनेही उघडली नव्हती. त्या संध्याकाळी उघडली. जे दिसलं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि तुम्हाला वाचणं. पण इंग्रजीत मी फार लवकर निर्दोष दिसायला लागते.

सुकलाल माझा धाकटा भाऊ. तुमच्या बाबांचा मामा, म्हणून तुमचाही सुकामामाच. आमचे वडील अमळनेरकडून सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आले. दोघांपैकी एकालाच शिकवणं त्यांना जमणार होतं. मला इंग्रजी शाळेत घातलं आणि सुकाला सातवीनंतर लूमवर. वडिलांनी त्याचं कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण उत्तर माझ्या फायद्याचं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तो लूम दुरुस्त करणारा मिस्त्री झाला. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून कुठला भाग झिजलाय ते सांगायचा. लग्न केलं नाही. सुरतेतच गोडादऱ्याला एका खोलीत राहायचा, आणि अडाजणला माझ्याकडे वर्षातून दोनदा यायचा, राखीला आणि भाऊबीजेला. बोलायचा अहिराणी. "शे नाही सुका, आहे म्हण," असं मी त्याला माणसांसमोर सुधारायची. तुमच्या बाबांच्या लग्नात माझ्या मुख्याध्यापिकेने विचारलं, हे कोण? मी म्हणाले, "आमचे मिस्त्री आहेत." तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. थोड्या वेळाने मांडवातला जनरेटर बंद पडला तेव्हा तोच उठून गेला, चालू करून आला, आणि हात पुसत माझ्या कानाशी म्हणाला, "मिस्त्री व्हतू म्हनीसन बरं."

गेल्याच्या आधीच्या डिसेंबरात तुम्ही इकडे आला होतात. ओम, तू त्याला तुझ्या फोनवर ट्रायल्स नावाच्या खेळाचा व्हिडिओ दाखवलास. एक माणूस मोटरसायकलवर उभा, समोर खडकांचा ढीग, आणि तो त्यावरून इंचाइंचाने वर चढतोय. वेगाचा काही प्रश्नच नाही. पाय जमिनीला टेकला की एक मार्क चढतो, ज्याचे मार्क सगळ्यात कमी तो जिंकला. सुकाने तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. "सीट नही हाई गाडीले?" "नाही मामा, बसायचंच नसतं." तो म्हणाला, "सारा जनम उभं राहीसन काम करं. आते उभं राहानाबी खेळ शे?" तो तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता.

तुम्ही परत गेलात आणि पुढच्या रविवारी सुका दारात उभा. त्याला गाडी घ्यायची होती. साठवलेले पैसे एका जुन्या स्कूटरएवढे होते, आणि एवढ्यात खऱ्या ट्रायल्सची गाडी कुठे मिळते हे इंटरनेटवर शोधायला त्याला मी हवी होते. मी नवी वही काढली, पट्टीने रकाने आखले. वजन, इंजिन, वय, सुटे भाग, कागदपत्रं, किंमत, शेरा. त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला, नदीवरचा पूल ओलांडून, सायकलवर. मी जाहिराती वाचून दाखवायची, तो ऐकायचा, आम्ही जेवायचो, तो जायचा. कितीतरी वर्षांनी माझ्याकडे रविवारी दोन ताटं लागत होती.

गाडी येईपर्यंत सायकलवर सराव करायचा असं त्याने ठरवलं. वजन नको म्हणून सायकलचा स्टँड काढून टाकला. पार्किंगमध्ये दोन विटा आणि एक फळी मांडली आणि फाटकाशी सायकल जागच्या जागी तोलून धरायला शिकला. पुढचं चाक जरासं वळवलेलं, दोन्ही पाय पेडलवर, हात कशालाही न लावता. मी घड्याळात वेळ बघायची. शेजारच्या कोकिलाबेन गॅलरीतून म्हणाल्या, "बेन, तमारा भाई सर्कसमां जवाना छे?" मी त्यांच्याबरोबर हसले. सुकाचा तोल गेला नाही. त्याने फक्त विचारलं, "किती झायं?"

पहिली गाडी कामरेजला पाहिली. एका गॅरेजवाल्याने साधी मोटरसायकल सोलून काढली होती. सीट नाही, मडगार्ड नाही, मागे मोठं दातेरी चक्र. किंमत त्याच्या आवाक्यातली. सुकाने मागून ती एका हाताने उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "हाऊ बैल शे. आपले बकरी जोयजे." मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, जड. परत येताना तो खुशीत होता. काय नको ते कळलं की निम्मं काम होतं, म्हणाला.

त्यानंतर वर्षभर जाहिराती आल्या आणि गेल्या. त्यातल्या काही बऱ्या असाव्यात. एक नाशिकची होती, एक वडोदऱ्याची. मी त्या वाचून दाखवताना प्रत्येकीत काहीतरी काढायची. सुटे भाग मिळणार नाहीत, कागद नाहीत, विकणारा उत्तर देत नाही. रकाने मी आखले होते, ते कसे भरायचे तेही मला ठाऊक होतं.

मग इच्छापोरची आली. तिथल्या एका कारखान्यात कामाला आलेला परदेशी इंजिनियर जाताना गाडी मागे ठेवून गेला होता, आणि जिग्नेशभाई नावाचा सुपरवायझर ती विकत होता. ही खरी होती. बारकी, सीट नसलेली, एखाद्या काटक जनावरासारखी. सुका तासभर तिच्याभोवती फिरला. मागचं चाक आडवं हलवून पाहिलं, जोडांवरून नख फिरवलं, पाठीवर झोपून इंजिनखालचा पत्रा पाहिला. तो पोचे पडून चेपला होता. "पडेल शे, पन मोडेल नही," तो खालूनच म्हणाला. मग उठून इंजिनवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. आम्ही पोचण्याआधी जिग्नेशभाईंनी ती चालू करून तापवून ठेवली होती, म्हणजे आमच्यासमोर झटकन सुरू व्हावी.

आज नाही घेत, असं सुकाने त्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी येतो, तोवर चालू करू नका. जिग्नेशभाई वैतागून म्हणाले, "काका, गाडी लेवी छे के लगन करवां छे?" सुका त्यांच्याच गुजरातीत म्हणाला, "लगन नथी कर्यां, एटले तो आटलुं जोउं छुं." लग्न केलं नाही म्हणूनच तर एवढं बघतो, यावर दोघेही हसले. भाव ठरला, हातात हात दिले. रिक्षात बसल्यावर सुकाने मला समजावलं, "गरम मशीन खोटं बोलस, ताई. थंड मशीन खरं बोलस." मग वहीकडे बोट दाखवून म्हणाला, लिही. शेऱ्यात काय लिहू? "हाईच." मी लिहिलं, हीच.

मंगळवारी शाळेतल्या मुलांच्या पालकांशी बोलायचे त्या आवाजात मी जिग्नेशभाईंना फोन केला. सांगितलं की माझा भाऊ हृदयाचा रोगी आहे, डॉक्टरांनी त्याला मनाई केली आहे, आणि गाडी देऊन काही झालं तर आम्ही तुम्हाला जबाबदार धरू. सुकाचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं होतं. ते बिचारे घाबरले. "ना ना बेन, बीजाने आपी दईश," म्हणाले, आणि दोन दिवसांत त्यांनी खरंच ती दुसऱ्याला देऊन टाकली.

काळजीपोटी केलं, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. साठीचा माणूस, खडक, पडला तर बघायला कोण. त्यात थोडं खरं होतं. लोक हसतील हेही होतं. पण मी गृहपाठ तपासावा तशी ती यादी आता तपासते तेव्हा पहिल्या क्रमांकावर तिसरंच येतं. गाडी आली असती तर सुका रविवारी कुठल्यातरी खडकांवर गेला असता. माझ्याकडे आला नसता.

त्या रविवारी तो टेम्पो ठरवून पहाटेच इच्छापोरला गेला, इंजिन थंड मिळावं म्हणून. दहा वाजता रिकामा टेम्पो घेऊन माझ्याकडे आला. "विकी टाकी त्यानी," म्हणाला आणि जेवणाच्या टेबलाशी बसला. वही तिथेच होती. माझ्याकडे बघत म्हणाला, "मी एक रविवार उगाच मांगा. गरम ते गरम, तवळच लेवाले पायजे व्हती." आयुष्यभर ज्या एका नियमावर तो पोट भरत आला तोच नियम चुकला, असं तो म्हणत होता. मी म्हणाले, "जाऊ दे. दुसरी बघू." आणि चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन तो निघाला, तशी मी वही कपाटात ठेवून दिली. तिचं काम झालं होतं.

तो तरीही दर रविवारी येत राहिला. गाडीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. फक्त फाटकाशी सायकल तोलून धरायचा आणि म्हणायचा, "तू मोज. तुले मोजता येस." मी मोजायची. पाच महिने.

मग त्याला कावीळ झाली. ती अंगावर काढली आणि यकृत गेलं. दवाखान्यात तो पिवळा, हलका होऊन पडला होता. शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, "ती वही शे का?" मी म्हटलं, घरी आहे. "देखी का?" मी म्हटलं, आता कशाला वही, तू बरा हो आधी. तापात बोलतोय असं मला वाटलं, आणि मी त्याची चादर सारखी केली. "देखजो," एवढं म्हणून त्याने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या लूमच्या शेडमधल्या, रात्री दवाखान्यात थांबलेल्या माणसाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. फोन ठेवल्यावर उरलेली भाजी मी निवडून पूर्ण केली.

ओम, तू विचारल्यावर मी वही उघडली. इच्छापोरच्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरातलं 'हीच' आहे. त्याखाली पेन्सिलीने, मोठ्या, सुट्या, सातवी शिकलेल्या अक्षरात लिहिलं आहे, "ताईने फोन केला होता." मी आयुष्यभर त्याच्याकडून मागत आले तशा स्वच्छ भाषेत. मी आत चहा करत असताना त्याने ते लिहिलं असणार, कारण त्यानंतर वही टेबलावर नव्हतीच. जिग्नेशभाईंनी त्याला त्याच सकाळी सांगितलं असणार. म्हणजे 'मी एक रविवार उगाच मांगा' हे त्याने सगळं माहीत असताना म्हटलं. ते वाक्य त्याने माझ्यापुढे ठेवलं होतं, मी 'नाही रे, तुझं काही चुकलं नाही' म्हणावं म्हणून. मी दुसरी बघू म्हणाले. आणि त्यानंतरचे पाच महिने तो येत राहिला आणि मी मोजत राहिले. त्याने मला माफ केलं होतं की शिक्षा देत होता, हे मला ठरवता आलेलं नाही. कबूल करून हे विचारायच्या बऱ्याच संधी मी दवडल्या.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पैसे कमी असतील तर जुनी घे, पण खरी घे, साधी सोलून केलेली नको. एका हाताने मागून उचलून बघ. बैल नको, बकरी. सुटे भाग कुठे मिळतात ते आधी विचार. मागचं चाक आडवं हलव, जोडांवरून नख फिरव. पडलेली चालेल, मोडलेली नको. इंजिनवर हात ठेव, आणि गरम लागलं तर परत जा, थंड असताना ये. हे सगळं सुकाचं आहे. माझं एवढंच, की मला विचारत बसू नकोस.

कोकिलाबेन पार्किंगमधल्या विटा काढायला सांगतात. मी काढलेल्या नाहीत, फळीही तिथेच आहे. गोडादऱ्याची खोली रिकामी करताना सायकल मी घरी आणली. स्टँड नसल्यामुळे ती भिंतीला टेकून उभी असते.