अकराव्या क्लॉजमधलं मीठ

“हा अकरावा क्लॉज कुणी तपासला?” अध्यक्षांनी विचारलं आणि मी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. पण सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला कुठल्या प्रश्नाला चष्मा पुसायचा हे बरोबर कळतं.

हे अध्यक्ष म्हणजे आमदारांच्या एका कमिटीचे. कायदा विधिमंडळ करतं, त्याखालचे बारीकसारीक नियम खातं करतं, आणि खात्यानं कायद्यात नसलेलं काही नियमांत घुसडलंय का ते ही कमिटी बघते. सोपं सांगायचं तर कायदा ही आई आणि नियम हे तिचं पोर. आईनं आखून दिलेल्या अंगणाबाहेर पोरानं जायचं नाही. गेलं तर कान धरून आत आणायचं. तो कान शोधून देणं हे माझं काम. माझ्या सहीखालून इतके नियम गेलेत, की एकावर एक रचले असते तर पर्वतीला दुसरा जिना झाला असता.

त्या वेळी खात्यानं ड्राफ्ट आणला होता तो लग्नामुंजीचा स्वयंपाक करणाऱ्यांना परवाना देण्याचा. स्वच्छ पाणी, डोक्याला टोपी, आरोग्य तपासणी, सगळं रास्त. अकरावा क्लॉज मात्र असा, की प्रत्येक पदार्थ वाढण्यापूर्वी स्वयंपाक करणाऱ्यानं तो चाखावा आणि रजिस्टरात सही करावी. सही नाही तर परवाना नाही. ही फाइल माझ्या टेबलावर आली ती जेवणाच्या सुट्टीनंतर. वाचली असेन, नसेन. “तपासले, हरकत नाही” लिहून सही मात्र ठोकली.

हरकत आली ती बिबवेवाडीतून, शालनकाकूंची. काकू बारा बायका हाताशी घेऊन पुण्यातल्या मंगल कार्यालयांत स्वयंपाक करायच्या. माझ्या मुलीचं लग्न त्यांनीच उरकलं. जावई विसरेन एक वेळ, तो मसालेभात विसरणार नाही. त्याचा वास मंडईत सुटला की कात्रजच्या घाटात ट्रक आपोआप न्यूट्रलमध्ये यायचे. मी स्वतः पाहिलंय. म्हणजे पाहणाऱ्याकडून ऐकलंय.

काकूंचा एक रिवाज होता. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकातलं काही जिभेवर ठेवायचं नाही. मीठ कळायचं ते वाफेच्या वासावरून. त्यांनी वहीच्या पानावर लिहून पाठवलं होतं, की देवाआधी जेवायचं असेल तर मला परवाना नको, पण मग माझ्या बारा जणींनी जायचं कुठं तेवढं साहेबांनी सांगावं.

म्हणून पुण्याच्या विश्रामगृहात सुनावणी लागली, आणि म्हणून तो प्रश्न आला. मी चष्मा पुसत असताना खात्याचे कक्ष अधिकारी निंबाळकर यांनी तत्परतेनं मदत केली. “देवधरसाहेबांनी तपासला, सर.”

“देवधर, तुम्ही स्वयंपाक करता?” अध्यक्ष म्हणाले.

“चहा करतो, साहेब.”

“चाखून?”

“आधी बायकोला देतो. ती चाखते.”

निंबाळकरांचं म्हणणं, न चाखता इतक्या माणसांचा स्वयंपाक होऊच शकत नाही, या सगळ्या गप्पा आहेत. अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठरवलं की उद्या कमिटीचं जेवण काकूंनी करायचं, तेही न चाखता. मी मनातून खूश. क्लॉज पडेल, माझी सही झाकली जाईल, वर मसालेभात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून निंबाळकर रजिस्टर घेऊन काकूंच्या पाठीमागे उभे. प्रत्येक उकळीला विचारायचे, चाखलं का? काकू म्हणायच्या, नाही. ते ‘नाही’ लिहून घ्यायचे. अख्ख्या गावाची पंगत बिनघोर उठवणारी बाई, पण मानेवर असा श्वास घेणारा माणूस त्यांना आयुष्यात भेटला नव्हता.

भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीला नैवेद्य दाखवला. पानं वाढली, जुन्या पद्धतीनं. डावीकडे आधी मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. अध्यक्षांनी आमटीचा भुरका मारला आणि थांबले. मीही मारला आणि थांबलो.

मीठ नव्हतं. कणभर नव्हतं. त्या आमटीनंतर मी पाणी प्यालो तर पाणी खारट लागलं. देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत, त्यामुळे गणपतीनं अळणीच जेवण केलं होतं. तक्रार मात्र त्याची नव्हती.

निंबाळकरांनी रजिस्टर उघडलं. पेनचं टोपण इतक्या आनंदानं काढलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. मागे दारात बारा जणी. “साहेब, मीठ राहिलं,” त्या म्हणाल्या. “हे सारखे विचारत होते, पण चूक माझ्या हातची. यांना बोल नको. काय लिहायचं ते लिहा.”

अध्यक्षांनी पानातल्या डाव्या कोपऱ्यातली चिमूट उचलली, आमटीत टाकली, बोटानं ढवळली आणि प्याले.

“निंबाळकर, पानात मीठ आधी का वाढतात?”

“पद्धत आहे, सर.”

“ती का आहे?”

निंबाळकर उत्तर रजिस्टरात शोधू लागले. मी चष्मा घातला.

“अध्यक्षमहोदय, मूळ कायद्यात शब्द ‘सुरक्षित अन्न’ असा आहे. ‘चविष्ट’ हा शब्द कुठेही नाही. चव तपासायचा अधिकार कायद्यानं खात्याला दिलेलाच नाही.”

“आणि ही आमटी?”

“सुरक्षित आहे. आपल्या बीपीला तर जरा जास्तच.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “हे क्लॉज तपासताना नाही सुचलं?”

“तेव्हा जेवण झालं होतं, साहेब.”

क्लॉज गेला. बाकीचे नियम राहिले, काकूंना परवाना मिळाला. बारा जणींनी टोप्याही घातल्या, कुरकुर करत. त्या दिवशी दुसऱ्या वाढीआधी काकूंनी पातेल्यावर वाकून वाफ घेतली आणि मूठभर मीठ सोडलं. नैवेद्य होऊन गेला होता, आता चाखायला हरकत नव्हती. तरी चाखलं नाही. मी सहा वाट्या प्यालो.

आता काकू थकल्या आहेत. परवा एका लग्नाला गेलो तर हातात प्लेट घेऊन रांग. प्लेटला डावं-उजवं काही नाही, मीठ कागदी पुडीत. पुडी फाडताना ती वाफ आठवली आणि उगाच चष्मा पुसावा लागला.

एवढ्या नोकरीत एक गोष्ट शिकलो. वाढण्यापूर्वी चाखून मग सही करावी, हा नियम चांगलाच होता. फक्त तो स्वयंपाकघराला नाही, माझ्या टेबलाला लागू करायला हवा होता.