पेढ्यांचा पुडा आणि सात दिवस

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. चुकांबद्दल माफी असावी; पण शहराची ही फेरी लिहून ठेवावीशी वाटली.

शनिवारी सकाळी बिडकीनहून बस धरली. माझी मुलगी वैशाली शहरात कायदा शिकते. तिच्या कॉलेजात त्या दिवशी आयांनाही वर्गात बसू देणार होते. विषय होता लाचखोरीविरुद्ध देशोदेशींनी केलेले कायदे आणि माणसाचे हक्क. खिडकीतून कारखान्यांचे रुंद, मोकळे रस्ते दिसले, मध्येच बाजरीचा तुकडा. मांडीवर पेढ्यांचा पुडा होता आणि मनात भीती. सोमवारी निराधार पगारासाठी (विधवांना मिळणारे सरकारी पैसे) मी अर्ज अडवून बसलेल्या तहसीलच्या कारकुनाला तीन हजार दिले होते. जावेकडून उसने घेऊन. वैशालीला ते ठाऊक नव्हते.

ती स्टँडवर आली होती. "आई, वर्गात पदर तोंडावर घेऊन बसू नकोस हं."

"मला काय बोलायला लावू नको म्हंजे झालं."

वर्गात गार हवा होती. शिकवणाऱ्या मॅडम दिसल्याबरोबर मी पुढे जाऊन पुडा त्यांच्या टेबलावर ठेवला. पोरीला शिकवतात, मोकळ्या हाताने कसे जायचे? सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "ताई, पेढे काम व्हायच्या आधीचे की नंतरचे?"

"नंतरचे. पोरगी पास झाली."

"मग सगळ्यांना वाटा."

मी वाटले, पण 'आधीचे' हा शब्द मनात रुतला.

मॅडम सांगत होत्या, दवाखान्यात औषधासाठी लाच मागितली तर नुसते पैसे जात नाहीत, आजाऱ्याचा जगण्याचा हक्क जातो. कितीतरी देशांनी मिळून लाच रोखायचा करार केला आहे, आपल्या देशानेही. मग म्हणाल्या, "आपल्या कायद्यात लाच देणाराही सापडतो. पण अडवून घेतली असेल, तर सात दिवसांत पोलिसांना कळवायचं, मग देणाऱ्यावर गुन्हा नाही."

मी पदराखाली बोटे मोजली. सोमवार ते शनिवार. अजून वेळ होता. हात कसा वर गेला कळले नाही.

"मी दिलेत," एवढेच बोलले. मग सगळे सांगितले.

बाहेर आल्यावर वैशाली म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"तू कायद्याचं शिकती. तुझ्याम्होरं चोर कशी व्हऊ?"

ती माझा हात धरून लाचलुचपत खात्याच्या कचेरीत तक्रार द्यायला घेऊन गेली. तिथल्या साहेबांनी तक्रार लिहून घेतली आणि त्याची नक्कल हातात दिली. मग भूक लागली. शहागंजात नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खाल्ला. "खाला (मावशी), रस्सा कम पडा तो बोलो," हॉटेलवाला म्हणाला. मी दोनदा मागून घेतला. इतकी निवांत मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते.

संध्याकाळच्या बसने परतले.

कारकुनाची चौकशी लागली. अर्ज पुढे सरकला, काही महिन्यांनी पगार सुरू झाला. जावेचे पैसे थोडे थोडे फेडत गेले. काल शेवटचे पाचशे दिले, वर पेढ्यांचा पुडा. शहरातली हकीकत तिने चारदा ऐकली आहे. पुडा हातात तोलत तिने विचारले, "आधीचे का नंतरचे?"

"नंतरचे," मी म्हणाले. "तीन हजार पुरे फिटले."