डावा दरवाजा

उमरखेडात पेंटरचाचांना कोणी ‘उस्ताद’ म्हटलं, की हातातली स्प्रेगन खाली ठेवून ते भांडायलाच उठत. “उस्ताद ढाणकीत हाय. मी त्याचा हाकललेला पोट्टा हो,” असं भर रस्त्यात सांगत. गिऱ्हाईक बिचारं गोंधळून जाई. आपण होऊन स्वतःची लाज चव्हाट्यावर मांडणारा मिस्त्री कोणी पाहिलेला नसतो. मला सवय होती. माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडला लागून, त्यामुळे अठरा वर्षं मी थिनरचा वास आणि चाचांचा फटकळपणा दोन्ही सोसले. त्यांचं नाव गफूर, पण ते फक्त रेशनकार्डावर. चाचांना जाऊन आता दीड वर्ष झालं आणि खरं सांगायचं तर त्या वासावाचून मला दुकानात करमत नाही.

हाकलल्याची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली, की मीच तेव्हा तिथे हजर होतो असं वाटावं. तरुणपणी ते नांदेडला उस्तादांच्या हाताखाली होते. तिथे हैदराबादहून एक लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आली. डावा दरवाजा चेपलेला. उस्तादांनी पहिल्यांदाच अख्खं काम यांच्यावर सोपवलं. यांनी रंग जुळवला तो शेडच्या आत, ट्यूबलाइटखाली, आणि तोही ओला असताना. वाळल्यावर रंग गडद होतो हे माहीत असून घाई नडली. गाडी उन्हात काढली आणि दरवाजा ठिगळासारखा वेगळा दिसला. मालकाने चारचौघांत उस्तादांना नको नको ते ऐकवलं. उस्तादांनी सगळी गाडी स्वतः पुन्हा रंगवली, आणि काम संपल्यावर म्हणाले, “आता तू जाय.” त्याला तीस वर्षं झाली होती. पुढे उस्ताद म्हातारपणी आपल्या गावी ढाणकीला येऊन राहिले, इथून एसटीने तासाभराच्या आत. पण चाचा कधी तिकडे फिरकले नाहीत. ढाणकीचं काम आलं तर गाडी इकडे मागवून घेत.

एक दिवस ढाणकीचा एक माणूस चष्मा न्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, की तिथल्या बुढ्या मिस्त्रीने अंथरूण धरलंय, काही खरं नाही. चाचा माझ्याकडेच चहा पीत बसले होते. कप त्यांनी तसाच ठेवला. काउंटरवर पावत्या उडू नयेत म्हणून मी माझ्या मुलीची जुनी खेळण्यातली मोटार ठेवली होती. वीतभर लांब, धातूची, उघडणाऱ्या दोन दारांची, जांभळी भडक स्पोर्ट्स कार. चाचांनी ती उचलली, उलटी करून खालचे रिव्हेट पाहिले. “मॉडेल थेच हाय,” ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, “हे गाडी मले देता काय?”

खेळण्याची खरी गाडी कशी होते ते मी त्यानंतरचे दोन महिने पाहिलं. रिव्हेट ड्रिलने उडवून त्यांनी बॉडी आणि बूड वेगळं केलं. रिमूव्हर लावून जांभळा रंग सोलून काढला. साच्याची शिवण दिसत होती, ती बारीक कानशीने घासली. सीटला रेग्झिनच्या चिंध्या चढल्या, जुन्या इअरफोनच्या तारा इंजिनात गेल्या, वॉशरचे ब्रेक झाले. हेडलाइटच्या काचा मात्र माझ्या. एका जुन्या भिंगातून मसूरडाळीएवढे दोन तुकडे मी घासून दिले, आणि चौथ्या खेपेला ते चाचांना पसंत पडले. पहिल्या तीन खेपांना काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

लाल रंगाच्या छटा ते स्टीलच्या चमच्यांवर मारून बघत. प्रत्येक चमचा आधी वाळू द्यायचा, मग उन्हात धरायचा. चाची एकदा तणतणत शेडवर आल्या. “घरात दाल वाढाले चम्मच नाही! सारे इथं रंगून राह्यले!” चाचांनी पुढचा चमचा उन्हात धरला. शेवटी रंग जमला, आणि एका दुपारी ती गाडी लालभडक होऊन माझ्यासमोर आली. माझ्या तोंडून “वा!” निघालं. तेवढ्यात चाचांनी पॉलिश पेपर घेतला आणि डावा दरवाजा पार धातू दिसेपर्यंत घासून टाकला.

मी ओरडलोच. चाचांनी दरवाज्यावरची भुकटी फुंकली. “पुरी गाडी कोनीबी रंगवते. मले एक दरवाजा रंगवाचा हाय.”

आता माझं पाप सांगतो. मधल्या काळात मी ढाणकीला नेत्र तपासणी शिबिराला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम उस्तादांच्या घरी डोकावलो. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. उजेड आणि अंधार, एवढंच कळत होतं. इकडे चाचा एका लालसाठी जीव काढत होते, आणि ज्याला दाखवायचं त्याला लाल काय नि काळा काय. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज त्या घासलेल्या दरवाज्याकडे बघून गप्प बसायचो. मी भित्रा आहे, दुसरं काय!

दरवाज्याची पहिली खेप धुळीने गेली, दुसरीवर माशी बसली. आता वयामुळे स्प्रेगनचा खटका दाबण्याआधी चाचा डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरत. तिसरी खेप नीट बसली त्याच दिवशी ढाणकीहून निरोप आला, की म्हाताऱ्याने जेवण सोडलंय.

“चला, आत्ताच निघू,” मी म्हणालो.

“दोन दिवस तरी वाळाले लागते.”

“चाचा, माणूस राहणार नाही आणि तुमचा रंग वाळत बसेल!” माझा आवाज चढला. शेजारचा पंक्चरवाला बघायला आला.

चाचांचा चेहरा उतरला, पण ते हलले नाहीत. “वला रंग घेऊन एक बार त्याच्यासमोर गेलतो मी. आता नाही जात.”

ते दोन दिवस मला आयुष्यात विसरता येणार नाहीत. माझा फोन वाजला की चाचा दुकानाच्या दारात येऊन उभे राहायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी नकारार्थी मान हलवली, की परत जायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी मऊ कापडात गुंडाळली, मिठाईच्या खोक्यात ठेवली, आणि आम्ही एसटीत बसलो. खोकं मांडीवर, वर दोन्ही हात. मला राहवेना. निम्म्या वाटेत सांगून टाकलं, की उस्तादांना दिसत नाही.

मला वाटलं, ओरडतील. ते खिडकीबाहेर बघत राहिले. ढाणकीत उस्तादांच्या अंगणात पोचल्यावर त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं. “तुमीच जा आत. माह्यं नाव घेऊ नका.” मी खूप विनवलं. ते अंगणातल्या हौदाला टेकून उभे राहिले ते राहिलेच.

उस्ताद खाटेवर हाडांची मोळी होऊन पडले होते. सुनेने त्यांना उशीला टेकवून बसवलं. “उमरखेडच्या एका मिस्त्रीनं केली आहे,” एवढंच म्हणून मी गाडी त्यांच्या हातात दिली. बोटं बॉनेटवरून गेली, टपावरून गेली, उजव्या दरवाज्यावरून सावकाश उतरली. मग डाव्या दरवाज्यावर आली आणि थांबली. त्यांनी तो नखाने उघडला, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

“हा दरवाजा बाद में रंगवला. थर नवा लागते,” ते म्हणाले.

दोन महिने, सगळे चमचे, सगळं पाण्यात गेलं असं वाटलं. उस्तादांनी गाडी सुनेपुढे धरली. “उन्हात ने. दोन दरवाज्यात फरक दिसते काय, नीट पाह्य.”

ती अंगणात गेली. दारातून मला चाचा दिसत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. सुनेने गाडी या बाजूने फिरवली, त्या बाजूने फिरवली, डोळ्यांजवळ नेली. ती परत आली.

“काईच फरक नाही, अब्बा. दोन्ही एकसारखे हायत.”

उस्तादांनी गाडी परत मागून घेतली आणि छातीशी धरली. मग म्हणाले, “दरवाज्याची खालची कोर कोनी घासत नाही. तिकडं पाह्यते कोन? माह्याकडं एकच पोट्टा घासत होता. थो बाहेर उभा असन. बोलाव त्याले.”

चाचा आत आले आणि खाटेपाशी खाली मान घालून उभे राहिले. उस्तादांचा हात चाचपडत पुढे आला, चाचांच्या मनगटाला लागला आणि तिथेच घट्ट बसला.

“गफूर,” ते म्हणाले, “एक दरवाजा रंगवाले तीस साल लागले काय बे तुले?”