मोइराबाईंनी दानबीला वर बघायला लावलं तेव्हाची गोष्ट

शाळेच्या हेडमास्तर साहेबांनी सांगितलं, पालकांच्या ग्रुपवर बाईंबद्दल चार ओळी टाका. मी मोइराची मावशी, बाजारात लोणची-भाज्यांचं दुकान आहे ते माझंच. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यामुळे बोलते तसंच टाइप करतेय.

आठ दिवस झाले. सकाळी बसस्टॉपवर उभी होती, डोक्यातली शीर फुटली, संपलं. सत्तावीस वर्षांची पोर. मी अजून दोन वाट्या भात काढते.

माझी धाकटी बहीण कोरिया सोडून न्यूझीलंडला गेली, तिकडच्याच माणसाशी लग्न केलं, त्यांची ही मुलगी. तोंड सगळं बापाचं. इकडं आपल्या नामवॉनच्या शाळेत शिकवायला आली तेव्हा आपली भाषा तोडकीमोडकी यायची. पहिल्या दिवशी घरी आली ती हबकूनच. म्हणाली, पोरांनी आधी वय विचारलं, मग वजन विचारलं, मग दोघांनी हातावरचे केस कुरवाळून बघितले. खोडरबरावरून मारामारी झाली ती सोडवायला धावली, तर पोरांनी दगड-कागद-कात्री खेळून निकाल लावला आणि गप जाऊन बसली. हरलेला रडलासुद्धा नाही. "मावशी, तिकडं आम्हाला अर्धा तास समजूत घालावी लागते," म्हणाली.

साहेबांनी महिनाभर बघतो म्हणून सांगितलं होतं. वर्ग हातात आला तर कागदावर सही, नाहीतर परतीचं विमान. साहेब, राग मानू नका, तुम्ही असंच म्हणाला होता.

तिसऱ्या आठवड्यात दानबीनं गृहपाठ केला नव्हता. दहा वर्षांची. हे तिच्या आजीला विचारूनच लिहितेय. मोइरा रागावली, तशी पोरीनं मान खाली घातली. मोइरा म्हणाली, माझ्याकडं बघ. पोरीनं मान अजून खाली घातली. मोइराला वाटलं, उर्मटपणा करतेय. तिच्या देशात बोलणी खाताना जो नजर चुकवतो तो खोटारडा. तिनं हनुवटीला बोट लावून पोरीचं तोंड वर केलं, आणि डोळ्यांत बघायला लावलं. सगळा वर्ग चिडीचूप झाला. हिला वाटलं, चला, जमलं.

दुसऱ्या दिवशी मी मोइराचा डबा द्यायला शाळेत गेले होते. वर्गाच्या दारात दानबीची आजी, हातात मुळ्याच्या पाल्याच्या किमचीचा डबा. कमरेत पार वाकली म्हातारी.

"बाई, माझ्या नातीनं काल तुमच्या डोळ्याला डोळा भिडवला म्हणे. आईबाप जवळ नाहीत तिचे. वळण लावायला मीच कमी पडले."

मोइरानं मला विचारलं, या माझी माफी कशाला मागतायत? मी सांगितलं, आपल्याकडं मोठ्यांची बोलणी खाताना मान खाली घालायची, डोळ्यांत बघणं म्हणजे उर्मटपणा. तिचं तोंड कागदासारखं झालं.

"अगं मावशी, पण मीच म्हणाले ना तिला, बघ म्हणून."

सांगायला हवं होतं मी. पण हे कुणी कुणाला सांगतं का? श्वास घ्यायचा कसा, हे सांगतो का आपण?

मग तिनं जे केलं त्यानं तर साहेबांचंही तोंड उघडं राहिलं. वर्गात गेली, दानबीच्या बाकाजवळ गुडघ्यावर बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, चूक माझी होती. साहेबांनी मला बाजूला घेतलं. शिक्षिकेनं पोरीची माफी मागितली, आता हिला कोण भिणार? शनिवारी शेवटचं बघतो, म्हणाले.

शनिवारी साहेब दाराच्या काचेतून बघत होते आणि मी त्यांच्या मागून. आत गोंधळच होता, खोटं कशाला बोलू. मोइरा दानबीपाशी गेली, उकिडवी बसली, आपलं डोकं पोरीच्या डोक्याच्याही खाली नेलं आणि खालून प्रश्न विचारला. दानबीनं वहीकडं बघत उत्तर दिलं. पूर्ण वाक्य. मग मागच्या पोरांनी मुद्दाम माना खाली घातल्या, बाईंनी आपल्याकडंही यावं म्हणून. तासभर ती बाकांमधून उकिडवी सरकत होती, आणि ज्याच्याकडं जाईल तो बोलत होता.

साहेब काचेपासून मागं सरकले. मग म्हणाले, "असं शिकवताना मी कुणाला बघितलं नाही. बरं दिसत नाही ते." आणि ऑफिसात जाऊन सही केली.

तीन वर्षं तिनं तसंच शिकवलं. आता नवीन बाई येतील म्हणतात. त्या कुठल्याही देशाच्या असोत, पहिल्याच दिवशी त्यांना माझ्या दुकानात पाठवा. त्यांना मी सगळं सांगीन.